हस्ते भिकाजीपंत

भांडवल हे देणं असतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते महाडच्या बाजारपेठेत, तांदळाच्या पोत्यावर बसून. ऐकवणारे भिकाजीपंत वरंधकर, धोंडूशेटच्या पेढीचे दिवाणजी. मी तेव्हा तिशीला टेकलेला, पुण्यात एका वकिलाकडे इंग्रजी कारकुनी करून आलेला आणि स्वतःला चांगलाच शहाणा समजणारा गृहस्थ होतो. पेढीची मुंबईशी चालणारी इंग्रजी पत्रं लिहायला मला ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात शेटच्या भांडवलाची रक्कम मी देण्यांच्या यादीत पाहिली आणि बोट ठेवून म्हणालो, "पंत, इथे चूक झालीय. भांडवल म्हणजे मालमत्ता."

पंतांनी बोरू खाली ठेवला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"शेटनी पाच हजार पेढीत घातले. पैसे कुणाचे?"

"शेटचे."

"पेढी मिटली तर कुणाला परत करायचे?"

"शेटला."

"मग पेढीनं ते द्यायचेत की घ्यायचेत?"

पंत पुन्हा लिहायला लागले आणि मान वर न करता म्हणाले, "पेढी वेगळी, माणूस वेगळा. एवढं कळलं की निम्मा हिशेब आला, सेक्रेटरीसाहेब." माझ्या इस्त्रीच्या कॉलरवरून त्यांनी मला हे नाव पाडलं होतं. पुढे मी खरोखरच सेक्रेटरी झालो. झालो नसतो तर फार बरं झालं असतं.

दिसायला पंत म्हणजे काहीच नव्हते. काटकुळे, जरा वाकलेले, डोक्याला मळकं पागोटं, अंगात बाराबंदी, बारा महिने काखेत छत्री. पावसात छत्री उघडायचे ती वह्यांच्या बस्त्यावर धरायचे आणि स्वतः निथळत यायचे. बेरीज करताना कुणी बोललं तर डाव्या हाताचं एक बोट वर करायचे. मग समोर मामलेदार असो की भाजीवाली, बेरीज तळाला जाईपर्यंत ते बोट खाली येत नसे. आणखी एक खोड होती. रोजकीर्दीचा मेळ बसला नाही, एक पैसा जरी इकडचा तिकडे झाला, तर ते गादीवरून उठायचे आणि खाली जमिनीवर बसायचे. चूक सापडेपर्यंत जेवण नाही, पान नाही, गादी नाही. एकदा अडीच दिवस असे बसले होते. शेट म्हणाले, "पंत, दीड आण्यासाठी मूळव्याध लावून घ्याल. मी माझ्या खिशातून घालतो." पंत म्हणाले, "तुमच्या खिशातले दीड आणे म्हणजे दुसरी चूक. मग मला दोन शोधाव्या लागतील."

धोंडूशेट माणूस वाईट नव्हता. ढेरपोट्या, तोंडाळ, मनानं मोकळा. मुलीच्या लग्नात त्यांनी दुकानातून चार पोती तांदूळ मांडवात नेले. पंतांनी त्याच दिवशी ते शेटच्या नावे उचल म्हणून मांडले आणि वर्षाअखेर त्यावर व्याजही लावलं. शेट उसळले. "अहो, दुकान माझं! माझ्या पोरीचं लग्न! आणि व्याज मला?"

"दुकान तुमचं," पंत म्हणाले. "तांदूळ दुकानाचा. शिवाय रुपयातले अकरा आणे तुमचे, पाच आणे हसनमियांचे. त्यांच्या पाच आण्यांना लग्नाचं आमंत्रण होतं, पण जेवण त्यांनी घालावं असं पत्रिकेत नव्हतं."

हसनमियां म्हणजे दुसरे भागीदार. दासगावचे, तीन मचव्यांचे मालक. सावित्रीच्या खाडीतून पेढीचा तांदूळ आणि हिरडा मुंबईला जाई तो त्यांच्याच मचव्यांतून. ते तिथेच बसले होते. इतके हसले की ठसका लागला. शेटनी व्याज भरलं.

एका पावसाळ्यानंतर हसनमियां गेले. दुखणं आठ दिवसांचंच झालं. भागीदार गेला की भागीदारी तिथेच मोडते. त्याचा वाटा काढून वारसाला द्यावा लागतो. शेटनी हिशेब सांगितला: हसनमियांनी घातलेलं भांडवल, शिल्लक नफ्यातले पाच आणे, संपलं. पंत म्हणाले, "पत राहिली."

पत म्हणजे पेढीचं नाव. धोंडूशेट-हसनमियां एवढं ऐकून मुंबईचा वखारवाला आगाऊ रक्कम पाठवी, त्या विश्वासाची किंमत. पंतांचं म्हणणं, ते नाव दोघांनी मिळून कमावलं, तेव्हा त्याचेही पाच आणे मियांच्या विधवा अमीनाबींना गेले पाहिजेत. शेट म्हणाले, "त्या बाईला पत म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे का?"

"नाही. म्हणूनच आपण सांगायचं."

आणि पंत दासगावला गेले. मीही बरोबर होतो. पडद्याआड बसलेल्या अमीनाबींना त्यांनी तासभर सगळा हिशेब वाचून दाखवला. शेवटी आतून आवाज आला, "पंत, मियां गेले. आता त्यांच्या नावाचे पैसे कसे मिळतील?" पंत म्हणाले, "नाव इथेच राहिलंय, बाई. पेढी ते वापरणार आहे. वापरायचं तर मोल द्यायला हवं." ती रक्कम लहान नव्हती. त्या दिवशी परतताना मला पंतांचा फार अभिमान वाटला होता. पण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

अमीनाबींचे पैसे चुकते करताना पेढी खिळखिळी झाली. रोकड संपली. मचवे हसनमियांचे होते, तेही गेले. त्याच सुमारास मुंबईहून शेटचे जावई आले आणि म्हणाले, बाबा, होड्यांचे दिवस सरले, आता मोटार. लिमिटेड कंपनी काढा. लोकांचं भांडवल घ्या. महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर. शेटच्या डोळ्यांत चमक आली. सावित्री खोरे मोटार कंपनीचे कागद रंगले. मी सेक्रेटरी झालो, पगार पाच रुपयांनी वाढला आणि मी नवी कॉलर घेतली.

शेअर दहा रुपयांचा. अर्जाबरोबर दोन, वाटपाच्या वेळी तीन. उरलेले पाच कंपनी मागेल तेव्हा. शेटनी स्वतःच्या शेअरांचा एक पैसाही रोख भरला नाही. त्यांनी आपलं दुकान कंपनीला दिलं आणि त्याच्या मोबदल्यात पूर्ण भरलेले शेअर घेतले. दुकानाच्या किमतीत पत धरली होती. किती? पंतांनी अमीनाबींसाठी जी काढली होती त्याच हिशेबानं. पंतांना बोलायला जागाच नव्हती. ते एवढंच म्हणाले, "तेव्हा पत होती. आता त्यातले हसनमियां नाहीत." शेट म्हणाले, "आकडा तुमचाच आहे, पंत."

शेअर खपवायला पंतांनाच डोंगरात धाडलं. शेटला डोंगरात कोण ओळखत होतं? पंतांना मात्र वाड्यावाड्यांतले लोक ओळखत. वीस वर्षं हिरडा घालायला पेढीवर येत होते. तागडीचा काटा स्थिर झाल्याशिवाय पंत वजन लिहीत नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

उंबरवाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेला आहे. सत्तावीस घरं. घरटी एखादा तरी गडी मुंबईत गोदीत नाहीतर गिरणीत. पंत आणि मी भैरीच्या देवळासमोर बसलो. गावकर धाकू उतेकर, पन्नाशीचा, बोलायला सावध. त्यानं विचारलं, "पंत, गाडी आमच्या वाटंला येनार हाय न्हवं? मंग किती द्यावं ते सांगा."

पंतांनी सगळं नीट सांगितलं. दोन, तीन आणि मागेल तेव्हा पाच. ते शेवटचे पाच त्यांनी तीनदा सांगितले. लोकांनी तीनदा माना डोलावल्या. मागेल तेव्हा म्हणजे गाडी चालेल, नफा येईल, त्यातनं परस्पर वळतं होईल, असं त्यांनी धरलं असावं. खरं सांगायचं तर मीही तसंच धरलं होतं.

भागी नावाची एक बाई पुढे आली. नवरा गोदीत. पदराच्या गाठीतून दहा रुपये काढून तिनं पंतांपुढे ठेवले. "मनीआर्डरीचं हायत. सासूला डोलीत घालून महाडला नेत हुतो, तर वाटंतच गेली. गाडी असती तर जगली असती म्हातारी." पंतांनी बस्त्यातून एक लहान वही काढली, त्यात घर, नाव, रक्कम लिहिली आणि पुढे तिचा अंगठा घेतला. तसे सत्तावीस अंगठे झाले. तीनशे रुपये जमले. साठ शेअरांचे निम्मे पैसे.

आता शेअर कुणाच्या नावे घ्यायचे? प्रत्येकाच्या? धाकूनं मान हलवली. "गावकीचा पैसा हाय. गावकीत कुनाचं येगळं नाव लागत नाय. भैरीच्या नावानं घ्या." आमच्या डोंगरात गावकीचं सगळं देवाच्याच नावानं चालतं, भांडी, जाजम, आंब्याची झाडं. पण अर्जावर सही लागते आणि देव सही करत नाही. धाकू म्हणाला, "मंग तुमी करा. तुमच्यापरीस इस्वासाचं कोन हाय?"

पंतांनी अर्ज लिहिला तो त्यांच्या तीस वर्षांच्या रिवाजानं: "श्री भैरीदेव, गावकी मौजे उंबरवाडी, ह. भिकाजी विठ्ठल वरंधकर." ह. म्हणजे हस्ते. पेढीच्या वहीत हस्ते म्हणजे नुसता हात. पैसे ज्याचे तो वर, आणून देणारा हस्ते. त्याचं ना घेणं, ना देणं. पंतांनी आयुष्यात हजारो वेळा असं लिहिलं होतं.

तो अर्ज रजिस्टरात चढवायचं काम माझं. रजिस्टर छापील, इंग्रजी. सभासदाचं नाव, धंदा, पत्ता, शेअर किती. त्यात देवाला रकाना नव्हता आणि हस्तेलाही नव्हता. कायद्यानं कंपनी शेअरच्या मागे कोण आहे ते बघत नाही, रजिस्टरात ज्याचं नाव तोच धनी. हे मला ठाऊक होतं, वकिलाकडे शिकलो होतो. मी सरळ लिहिलं: वरंधकर, भिकाजी विठ्ठल, साठ शेअर. पंतांना विचारलंसुद्धा नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मला जेवायला जायची घाई होती.

कंपनी तीन पावसाळे टिकली. जावयांनी मुंबईहून दोन मोटारी आणल्या त्या जुन्या, नव्या भावानं. घाटात एक तापायची, दुसरी तापायच्या आधीच थांबायची. पावसात रस्ता वाहून जाई. मग दुसऱ्या एका मोटारवाल्यानं महाड-पोलादपूर भाडं निम्म्यावर आणलं. दुसऱ्या वर्षी शेट म्हणाले, लोकांचा धीर सुटतोय, रुपयामागे आणा तरी वाटू. पंतांनी वही मिटली. "नफा नाही. वाटायचं तर त्यांचेच पैसे त्यांना वाटायचे. ते मी नफा म्हणून लिहिणार नाही." शेट रुसून चार दिवस दुकानात आले नाहीत. पंत त्या चार दिवसांत जमिनीवर बसूनच काम करत होते. मेळ तर बसला होता. मी विचारलं तर म्हणाले, "आकड्यांचा बसलाय."

शेवटी पेट्रोलवाल्यानं आणि मुंबईच्या बँकेनं कोर्टातून कंपनी गुंडाळायला लावली. देणीघेणी मिटवायला कोर्टानं नेमलेले लिक्विडेटर आले, मुंबईचे, तरुण, सभ्य, घड्याळ बघत बोलणारे. दुकानातच खुर्ची टाकून बसले. त्यांनी सोपं करून सांगितलं: कंपनीचं देणं बाकी आहे, मोटारी आणि दुकान विकूनही भागत नाही, तेव्हा ज्यांच्या शेअरांचे पाच रुपये यायचे आहेत त्यांच्याकडून ते मागायचे. शेटचे शेअर पूर्ण भरलेले. त्यांच्याकडे मागायचं काही नाही. मग त्यांनी माझं रजिस्टर वाचायला घेतलं. "वरंधकर, भिकाजी विठ्ठल. साठ शेअर. तीनशे रुपये."

पंतांनी बोट वर केलं. बेरीज चालू असताना करायचे तसंच. "ते माझे नाहीत. मी हस्ते."

"रजिस्टरात तसं नाही."

"अर्जावर आहे."

लिक्विडेटरनी अर्ज मागवला, वाचला, परत ठेवला. "देव सभासद होऊ शकत नाही. सही तुमची, नाव तुमचं. कायदा हस्ते ओळखत नाही." मग ते जरा नरमले. त्यांना वाईट वाटलं असावं. "पैसे देणाऱ्यांची यादी आहे का? असेल तर ती द्या. तुम्ही भरा आणि त्यांच्याकडून वसूल करा. हवं तर मीच त्यांना नोटिसा काढतो."

वही पंतांच्या बाराबंदीत होती. सकाळी त्यांनीच मला दाखवली होती. सत्तावीस घरं, सत्तावीस अंगठे. तिच्यावरून नोटिसा निघाल्या असत्या, मग बेलीफ, मग भांडी, मग शेळ्या. पंतांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "यादी नाही."

मी त्यांना त्याआधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आणि मी? रजिस्टरात नाव मी चढवलं, न विचारता चढवलं, एवढं उठून म्हणायला काय हरकत होती? लिक्विडेटरनी मला पुढे मुंबईला नेऊ म्हणून सांगितलं होतं. मी शाईची बाटली सरकवून ठेवली. माझ्या बोलण्यानं कायदा बदलला नसता, हे मी नंतर कितीदा तरी स्वतःला समजावलंय. ते खरंच आहे, पण त्यानं समाधान कधी झालं नाही.

महाडात बातमी फुटायला वेळ लागत नाही. आठवड्याच्या आत धाकू पाच-सात जणांना घेऊन पंतांच्या अंगणात उभा राहिला.

"पंत, पैसं आमचं नि नाव तुमचं? ह्यो कंचा हिशेब?"

"धाकू, माझं नाव लागलं म्हणून तुम्ही सुटलात. नाहीतर शेअरामागे आणखी पाच तुमच्याकडे मागितले असते."

"कंपनी बुडाली ना?"

"बुडाली."

"मंग बुडाल्याव आनखी पैसं कोन मागंल? सावित्रीत होडी उलाटली तर नावाडी उतारूंकडं परत भाडं मागतो काय?"

"कंपनीत मागतात, धाकू. मी तेव्हा तीनदा सांगितलं होतं."

धाकू हसला. ते हसणं मला अजून दिसतं. "वही तुमची, भाषा तुमची. आमाला काय कळतंय? भैरीचं नाव खोडून सवताचं लिवलंत, एवढं कळतंय." पंतांनी वही काढून दाखवली. धाकूनं ती हातातसुद्धा घेतली नाही. जाताना तो म्हणाला, "तागडी नीट धरायचा, म्हनून इस्वास ठेवला."

पंतांनी घर विकलं. दोन खोल्या, पडवी आणि मागे एक फणस, एवढंच ते घर. पंत विधुर, मूलबाळ नव्हतं. बालविधवा बहीण आक्का स्वयंपाकपाणी करायची. विक्रीच्या दिवशी आक्का चुलीपुढे बसून म्हणाली, "भिकू, आयुष्यभर लोकांना शिकवलंस, पेढी वेगळी, माणूस वेगळा. मग कंपनी बुडाली ती माझ्या चुलीत कशी आली रे?" तीनशे लिक्विडेटरला गेले, वरचे आक्काला मिळाले, आणि ती अलिबागला पुतण्याकडे गेली. वर्षाच्या आत तिकडेच वारली. शेट जावयाकडे मुंबईला. पंतांना कुणी दिवाणजी म्हणून ठेवेना. महाडच्या कचेरीपाशी वकिलांना जुन्या मोडी कागदांच्या बाळबोध नकला करून द्यायचे, पानामागे दोन आणे. राहायला एका वखारीची पडवी.

आणि त्या दोन आण्यांतून पंत उंबरवाडीचे पैसे फेडायला लागले.

मला कळलं तेव्हा मी मुंबईला निघालो होतो. मी चिडलो. "पंत, तीनशे भरलेत ते कायद्यानं भरलेत. हे दुसरे तीनशे कसले? ते कंपनीत बुडाले. ते कंपनीचं देणं. तुमचं नव्हे. पेढी वेगळी, माणूस वेगळा, हे मला कुणी शिकवलं?"

पंत नक्कल करत होते. जमिनीवर बसून. "बरोबर आहे," ते म्हणाले. हातातली ओळ पुरी करून पुन्हा म्हणाले, "हिशेबानं तुमचं बरोबर आहे." आणि शनिवारी छत्री काखेत घेऊन पोलादपूरची वाट धरली, पायी.

शहाण्या माणसानं असं करू नये. कारण वाडीवर ह्याचा एकच अर्थ लागला. खाल्ले नसते तर परत कशाला दिले असते? पंत एकेका घराला आठ आणे, बारा आणे द्यायचे, तसतशी त्यांची चोरी पक्की होत गेली. पूर्वी संशय होता, आता पुरावा झाला. हे पंतांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना फार लवकर कळायचं.

मुंबईला मला नोकरी बरी मिळाली. बायको, मुलं, चाळीत खोली. तीन-चार वर्षांनी साहेबांच्या कामासाठी महाबळेश्वरला जायचं निघालं आणि महाडहून सर्व्हिस मोटारीत बसलो. मोटार ओळखीची वाटली. आमच्याच दोहोंपैकी एक, लिलावात घेऊन निळा रंग दिलेली. पोलादपूरला गाडी पाणी घ्यायला थांबली.

खिडकीतून मला पंत दिसले. पागोटं नव्हतं. डोळ्याला चष्म्याची एकच काच. समोर डोक्यावर पाटी घेतलेली बाई. तिला मी लगेच ओळखलं, भागी. पंतांनी तिच्या हातावर काही नाणी मोजून ठेवली आणि ती लहान वही उघडून शाईची डबी पुढे केली. भागीनं पैसे कनवटीला लावले, वहीकडे बघितलं आणि मान हलवली. पंत काहीतरी म्हणाले. बोटानं वहीतली जागा दाखवली. ती वळली आणि पाटी सांभाळत गाडीत चढली, नेमकी माझ्या शेजारच्या बाकावर.

"अंगठा का नाही दिलास, बाई?" मी विचारलं.

"एकदा दिला तेवढा पुरे झाला. आमच्या वाडीतलं कोनीच देत नाय. पैसं घेतो, अंगठा नाय." खिडकीबाहेर हनुवटी उडवून ती पुढल्या बाईला सांगायला लागली, "त्यो बग गो, आमच्या भैरीचं पैसं खाल्लेला. आता म्हातारपनी भ्या वाटतंय, म्हनून आनून देतो."

अंगठा नाही म्हणजे पावती नाही, आणि पावतीशिवाय पंत फेड लिहिणार नाहीत. म्हणजे त्या वहीत सत्तावीस घरांपैकी एकाचंही खातं मिटलेलं नव्हतं, आणि मिटणारही नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. अर्ज, हस्ते, रजिस्टर, तीनशे रुपये, घर, फणस, आक्का. लिक्विडेटरपुढे बोलायला हवं होतं ते सगळं त्या गाडीत बोललो. आजूबाजूची माणसंही ऐकायला लागली. भागीनं नीट ऐकून घेतलं.

"मंग त्येंचं नाव लिवलं कुनी?"

"मी लिहिलं," मी म्हणालो. "चूक माझी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. कोट, कॉलर, बूट. मग पाटी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्यापासून सरकून बसली.

"म्हंजे तुमी बी त्यातलंच व्हय," ती म्हणाली.

गाडी सुटली. मी उतरायला हवं होतं. पुढे महाबळेश्वरला साहेब थांबले होते, म्हणून उतरलो नाही. खिडकीतून मान काढून मी "पंत" म्हणून हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नाही. ते शाईच्या डबीला झाकण लावत होते. स्टँडवर उतारूंसाठी लाकडी बाकडं टाकलेलं होतं. त्यावर कुणीसुद्धा बसलेलं नव्हतं. पंत त्याच्या शेजारी, खाली जमिनीवर बसले होते.